वारज्याच्या बायकांची उत्तरं

आनंदीबाईंची लेक वैजयंता कॉलेजात प्राध्यापक होती. माणसं फोनवरून पैसे का देतात आणि का देत नाहीत, यावर तिचं संशोधन चाललं होतं. तिच्या विद्यार्थिनी आईच्या गावी, वारज्यात, प्रश्न विचारायला येणार म्हटल्यावर आनंदीबाईंनी आळीतल्या चाळीस बायकांना दम भरला होता, "माझ्या पोरीची परीक्षा हाय. समद्याजणी म्हणा, आम्ही फोननंच पैसे देतो. कुणी अडाण्यासारखं बोललं तर माझ्याशी गाठ हाय."

बायकांनी तसंच सांगितलं.

आज वैजयंता हरखून सांगत होती, "आई, वारज्यानं मला थक्क केलं! परवा दिल्लीच्या परिषदेत हेच मांडणार आहे."

आनंदीबाईंची तव्यावरची भाकरी करपली. साऱ्या गावाला तोंडावर सुनावणारी बाई, पण आज तव्याकडं बघतच बोलली.

"वैजू, ती उत्तरं खोटी हायत. म्या पढवली व्हती. निम्म्या जणींकडं तसला फोनच न्हाई."

वैजयंतानं परिषदवाल्यांना फोन लावला आणि आपलं भाषण रद्द केलं. "माझ्या माहितीत चूक आहे," एवढंच म्हणाली. आईचं नाव घेतलं नाही. आनंदीबाईंना तेच जास्त लागलं. पोरीनं चार शब्द सुनावले असते तर उलटून बोलता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थिनींना घेऊन आनंदीबाई स्वतः शेजारच्या सरुबाईच्या दारात गेल्या.

"सरे, आता खरं काय ते सांग ह्यांना."

"अगं बया! मग तुम्ही आम्हाला शिकवलंत ते काय व्हतं, वैनी?"

"खोटं शिकवलं," आनंदीबाई म्हणाल्या, आणि मान खाली घालून उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.