कोपऱ्याचा सांधा

छपरांना पन्हळी बसवण्याच्या धंद्यात धाकट्याचा चांगला जम बसला होता. थोरल्याशी मात्र बोलणं बंद होतं, कारण वाटणीनंतर त्यानेही समोरच तसंच दुकान थाटलं होतं. कुणाला दुखवायला नको म्हणून एका शिक्षिकेने घराची पुढची बाजू धाकट्याला आणि डावी थोरल्याला दिली. दोघे आपापल्या शिडीवरून काम करत कोपऱ्यापाशी आले. तिथला सांधा एकट्याला जमणारा नव्हता.

"दादा, जरा धर," धाकटा म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला.

थोरल्याने दोन्ही टोकं घट्ट धरली. "उतार कमी ठेवलायस."

"वळण तुझंच लागलंय."

थोरला गालात हसला. दुकानं वेगळीच राहिली, पण अवघड कोपरा आला की धाकटा रस्ता ओलांडून त्याला हाक मारू लागला.