सरळ बसवलेलं पातं

रत्नप्रभा पालव यांच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. अनंत टिपणिसांना ते अधूनमधून आठवायचं, आणि त्या उत्तरात आता सांगण्यासारखं काही उरलेलं नाही, अशी ते स्वतःची समजूत घालायचे.

कांदिवलीहून आलेलं ते पत्र साधंच होतं. 'आमच्या सासऱ्यांचे वडील पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर मेसोपोटेमियात, बसऱ्याकडे होते. येताना त्यांनी विमानातून टाकायचा एक बाँब कोकणातल्या घरी आणला. पोलीस पूर्वीच येऊन तपासून गेले आहेत. तळाचं बूच नाही, आत मी उदबत्त्यांचे पुडे ठेवते. दसऱ्याला कोयत्या-विळ्यांबरोबर त्याचीही पूजा करतो. तो कोणत्या देशाचा, ते आपण सांगाल असं कळलं.' खाली फोन नंबर होता. सोबतच्या फोटोत चंदेरी रंग फासलेला, झेंडूचा हार घातलेला हातभर लांबीचा बाँब होता.

अनंतराव मुलुंडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. लढाई त्यांनी फक्त पुस्तकांतच पाहिली. निवृत्तीच्या आधीपासून त्यांना पहिल्या महायुद्धातल्या विमानी बाँबचं वेड लागलं होतं, आणि त्या वेडात घाटकोपरचे मधुकर देवस्थळी भागीदार होते. मधुकरकडे लोखंड, अनंतरावांकडे पुस्तकं. मधुकर जुन्या बाजारांतून कवचं, पाती, बुचं गोळा करून आणायचा. अनंतराव जुनी आरेखनं काढून ती कुठली ते शोधायचे. एकदा दोघांनीही छातीठोकपणे ओळखलेला 'दुर्मीळ' बाँब नंतरच्या काळातला, सरावाचा निघाला होता. तेव्हापासून त्यांनी नियम केला : वस्तू ओळखल्याच्या कागदावर दोघांच्या सह्या असल्याशिवाय कुणाला काही कळवायचं नाही.

मधुकरला हा नियम कधीच जाचला नाही, कारण अनंतराव त्याच्याशिवाय तसंही काही कळवत नसत. त्यांच्या पत्नी नीलाताई म्हणायच्या, "अहो, लोकांना भिंग पुरतं, तुम्हाला भिंग आणि मधुकर दोन्ही लागतात."

पालवांचा फोटो घेऊन ते मधुकरकडेच गेले होते.

"जर्मन वाटतो मला," अनंतराव चाचरत म्हणाले. "शेपटीची पाती बघ, तिरकी आहेत. म्हणजे पडताना हा स्वतःभोवती फिरणार, आणि त्या फिरण्यावरच आतली कळ सुटणार. सोळा सालानंतरचा असावा."

"आणि हे एक पातं सरळ आहे ते?" मधुकरने बोट ठेवलं.

"तेच तर कळत नाही."

"मग कळून घे! सरळ आहे ते मूळचं. बाकीची कुठेतरी आपटून वाकलीत."

"सगळी एकसारखी वाकतील का रे?"

"अंत्या, तू घरात बसून फोटो बघतोस. मी प्रत्यक्ष बघून येतो, मग बोलू."

मधुकर बघून आला आणि फोनवर म्हणाला, "भंगार आहे रे. नंतरचा, सरावाचा. बाईंना मी सांगून आलोय. तू उगाच पत्र लिहीत बसू नकोस." अनंतराव जरा खट्टू झाले, पण हायसंही वाटलं. चुकीचं काही लिहून बसलो नाही, एवढंच त्यांनी मनाशी धरलं.

जानेवारीत घाटकोपरच्या एका सभागृहात मधुकरने आपल्या संग्रहाचं प्रदर्शन भरवलं. अनंतराव अर्ध्याहून अधिक चिठ्ठ्या स्वतःच्या अक्षरात लिहून आदल्या आठवड्यात देऊन आले होते. दालनाच्या मधोमध काचेच्या पेटीत मात्र त्यांनी न लिहिलेली चिठ्ठी होती : 'जर्मन बाँब, १९१६ नंतर. फिरत पडण्यासाठी तिरकी पाती. संग्राहकाच्या आजोबांनी मेसोपोटेमियातून आणलेला.'

मधुकरचे आजोबा गिरगावात पोस्टमास्तर होते. ते कधी पुण्यापलीकडे गेले नव्हते.

अनंतरावांनी भिंग काढलं. चंदेरी रंग खरवडून काढला होता. खालचं लोखंड काळं पडलेलं होतं, आणि एकच पातं, फोटोत सरळ दिसलेलं तेच, पिवळं होतं. पितळ. कोकणातल्या कुणा तांबटाने तुटलेल्या पात्याच्या जागी नवं ठोकलं होतं. बाँब कसा फिरतो हे त्याला कोण सांगणार? त्याने आपलं नीट, सरळ बसवलं. म्हणजे तिरकी होती तीच मूळची. फोटो बघून आपण म्हणालो ते बरोबर होतं. रंगाखालचं पितळ बघितल्यावर मधुकरलाही ते क्षणात कळलं असणार.

मधुकर कुणाला तरी हसत निरोप देत होता. अनंतरावांनी त्याला कोपऱ्यात गाठलं.

"मधू, हा पालवांचा."

"हळू. होता त्यांचा. उदबत्त्या ठेवायच्या रे त्यात! वाट लावली होती नुसती."

"तू भंगार म्हणालास मला."

"मी म्हणालो, तू ऐकलंस. स्वतः जाऊन बघू नकोस म्हणून कोणी हात धरला होता?"

"त्यांनी दिला कसा?"

"त्यांचा मुलगा देवेश विमानतळावर कामाला आहे. म्हटलं, घरात बाँब आहे हे वर कळलं तर त्याचा प्रवेशाचा पास जाईल. सरकारी म्युझियममध्ये पोचवतो. टिपणीससाहेबांचंही तेच मत आहे."

"माझं?"

"बाई म्हणाल्या, त्यांना पत्र टाकलंय, उत्तराची वाट बघते. मी म्हटलं, बघा की. नाही आलं तर समजा, त्यांचं वेगळं म्हणणं नाही." मधुकरने त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "तुला ओळखतो ना मी. तू लिहिणार नाहीस हे मला ठाऊक होतं. चल, चहा घे."

बाँब लाटला, आजोबा लाटले, एक वेळ तेही सोसलं असतं. पण आपला भित्रेपणा, जो आपण या एका माणसापुढे कधी झाकला नाही, तोच त्याने हत्यारासारखा वापरला होता. आणि मधुकरच्या चेहऱ्यावर ओशाळल्याची रेघही नव्हती. अनंतराव चहा न घेताच निघाले.

घरी येऊन त्यांनी कांदिवलीचा नंबर फिरवला. नीलाताई शेजारी बसून राहिल्या.

"कोण? मुलुंडचे टिपणीस?" पलीकडून आवाज आला. "अगो बाई! आता फोन करतास? आमचो नातू रोज विचारता, आजी, बाँब खय गेलो. मी सांगतंय, म्युझियमात गेलो. गेलो मा तो थय?"

अनंतराव म्हणाले, "नाही. देवस्थळींकडेच आहे. त्यांच्या नावावर मांडलाय."

"म्हंजे आमका फसवल्यान?"

"हो."

"तुमचा नाव घेवन?"

"हो. मी तसं काही म्हटलं नव्हतं, ताई. मला काही ठाऊकच नव्हतं."

"ह्या तोंडी नको माका. लिवन देवा. बाँब कसलो, कोणाचो, सगळा. आमचो देवेश तो कागद घेवन थय जातलो. नायतर आमच्या हातात काय आसा? एक फोटो!"

"लिहितो," अनंतराव म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना आपल्याच होकाराचं भय वाटलं.

संध्याकाळी मधुकरचा फोन आला. "रागावलास होय? पुस्तिका काढतोय, त्यात तुझं नाव घालतो. झकास छापू. आणि तिकडे कळवण्याच्या भानगडीत पडू नकोस. दोन सह्यांचा नियम तूच पाळतोस ना? तुझ्या एकट्याच्या सहीला कोण विचारतो, सांग."

अनंतरावांनी फोन बंद केला. मधुकर बोलत असताना त्यांनी फोन बंद करण्याची ही पहिलीच वेळ होती.

मग ते लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात 'बहुधा' आणि 'कदाचित' यांचीच गर्दी झाली. नीलाताईंनी वाचला आणि म्हणाल्या, "ह्याच्यावर देवेशला कोणी पायरीसुद्धा चढू देणार नाही." अनंतरावांनी तो फाडला. दुसऱ्या मसुद्यात जर्मन बनावट, तिरकी पाती, तांबटाचं पितळी पातं आलं. पालवांचा दसऱ्याचा फोटो आपल्याकडे आहे आणि प्रदर्शनातला बाँब हाच, हेही आलं. 'माझ्या नावाने आपल्याला जे सांगण्यात आलं ते मी कधीही म्हटलेलं नाही' हे वाक्य लिहिताना हात थांबला. त्या वाक्यानंतर घाटकोपरला जाणं संपणार होतं. त्यांच्या वयात असा दुसरा मित्र कुठून मिळणार? जर्मन पात्यांवर तासभर बोलणारं मुलुंडात दुसरं कोण होतं?

त्यांनी ते वाक्य तसंच ठेवलं. उत्तराला उशीर केल्याबद्दल क्षमा मागितली आणि खाली पूर्ण नावाने सही केली. एकट्याची.

सकाळी ते स्वतः पोस्टात गेले. खिडकीतल्या मुलीने पाकीट वजनकाट्यावर ठेवलं आणि नंबर टाकून पावती पुढे सरकवली.

"आजोबा, अजून काही?"

"ते आजच निघेल ना?"

"दुपारच्या थैलीत."

त्यांच्या डोळ्यांदेखत तिने पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या थैलीत टाकलं.