ज्वलनशाळेतला लोखंडी पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीवर फडफडणारा फुलाफुलांचा पडदा डोळ्यांसमोर आणू नका. मी अर्धा इंच जाड लोखंडाचा आहे, पुरुषभर उंच. खाली चार चाके आणि डोळ्यांच्या उंचीवर जाड काचेची खिडकी. वाऱ्याने मी हलत नाही. स्फोटाने मात्र हललो आहे, आणि त्याचे पोचे छातीवर मिरवतो आहे.

माझा जन्म १९५७ साली बेंगळुरूतल्या राजाजीनगरच्या एका कारखान्यात, जुन्या बॉयलरच्या पत्र्यापासून झाला. त्याच शहरातल्या एका विद्यापीठात वायू कसे पेटतात, कसे फुटतात याचे संशोधन नुकतेच सुरू झाले होते. त्या विभागाचे सहसंचालक हंबीरराव इंगवले मला न्यायला स्वतः आले. त्यांनी घण मागितला आणि माझ्या पोटात असा काही हाणला की कारखान्यातले कामगार कानांवर हात ठेवून मागे सरले. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण काही आले नाही, नोकरी तेवढी मिळाली.

सहसंचालक म्हणजे काय, हे मी हंबीररावांकडे पाहून शिकलो. संचालक दिल्लीच्या सभांना जात. इथे कोणता प्रयोग करायचा, किती दाबाने करायचा, त्याच्याजवळ कोणी जायचे, हे हंबीरराव ठरवत आणि कागदावर सही करत. सही करून ते खोलीत गेले असते तरी कोणी बोट दाखवले नसते. पण त्यांचा एक हट्ट होता. सगळ्यांना ते माझ्यामागे उभे करत आणि प्राणवायूच्या नळकांड्याची चावी स्वतः पुढे जाऊन उघडत. "सही माझी, तर पहिली चावीही माझीच," असे म्हणत. मग तेही माझ्यामागे येत.

आणि मग सुरू व्हायचा मार! कधी नळी फुटून चाबकासारखी माझ्या अंगावर बसे. एकदा पोलादी भांड्याचे झाकण उडाले आणि माझ्या खांद्याला खोक पाडून छतात रुतले. तेव्हा माझ्यामागे उभ्या असलेल्या सुलभाबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्या पुण्याहून आलेल्या, विभागातल्या एकट्याच संशोधक बाई. पोरे मला 'सासूबाई' म्हणत, कारण मी सगळ्यांच्या वाटेत उभा असे. म्हणोत बापडी! धडाम झाले की सगळे याच सासूच्या पदराआड लपत.

आमचा मिस्त्री कल्लाप्पा निपाणीकडचा. आयुधपूजेला तो सगळी यंत्रे पुसून लख्ख करी, हार घाली, कोहळा फोडी. त्या दिवशी यंत्रे चालवायची नाहीत आणि दसऱ्याला मुहूर्ताने सुरू करायची, अशी रीत होती. १९६३ सालच्या पूजेच्या आदल्या दिवशी प्राणवायूची नवी नळकांडी आली. कल्लाप्पाने ती पुसली, त्यांच्या तोंडाच्या पितळी आट्यांना बोटाने खोबरेल चोळले आणि वर दाबमापक घट्ट बसवला. देवापुढे ठेवायची वस्तू कोरडी कशी ठेवायची?

मित्रांनो, कोंडलेल्या प्राणवायूला तेल लागले की ठिणगीचीही गरज नसते. तेल पेटते आणि त्याच्याबरोबर लोखंडही जळते. भिंतीवर तशी पाटी होती. ती इंग्रजीत होती. कल्लाप्पाला मराठी आणि कन्नड वाचता येई.

दसऱ्याच्या सकाळी सुलभाबाईंचा मोठा प्रयोग होता. त्या म्हणाल्या, "सर, आज चावी मी उघडू?"

"सुलभाबाई, तुम्ही सासूबाईंच्या मागं," हंबीरराव हसून म्हणाले आणि पुढे गेले.

त्यांनी चावी फिरवली. एक शिट्टी वाजली आणि पांढरा जाळ उसळला. पितळ वितळून उडाले. हंबीररावांची किंकाळी मी आजही विसरलेलो नाही. सुलभाबाई त्यांच्याकडे धावल्या, पण कल्लाप्पाने त्यांची वेणी धरून त्यांना माझ्यामागे ओढले.

"नको अक्का!" तो ओरडला.

त्याच क्षणी दाबमापक फुटला आणि त्याचा तुकडा माझ्यावर आदळला. बाईंचे डोके जिथे असते, बरोबर तिथे. माझी काच तडकली, मी चाकांवर हातभर मागे रेटला गेलो. मग कल्लाप्पा ओले गोणपाट घेऊन स्वतः त्या जाळात शिरला. त्याने साहेबांना ओढत आणले, तेव्हा त्यांच्या उजव्या मनगटाच्या पुढे काहीच उरले नव्हते. फरशीवर रक्त आणि झेंडूची फुले एकत्र झाली होती.

हंबीरराव वाचले. हात गेला, डोळे गेले. चौकशीला मोठी माणसे आली आणि माझ्यासमोरच खुर्च्या टाकून बसली.

"तेल कोणी लावलं?"

"मी लावलो, सायब," कल्लाप्पा रडत म्हणाला. "देवाचं म्हणून लावलो की हो."

त्याला काढून टाकायचे जवळजवळ ठरलेच होते. तेवढ्यात डोळ्यांना पट्ट्या बांधलेले हंबीरराव बोलले. "ती इंग्रजी पाटी मी लावली. हा माणूस इतकी वर्षं तिच्याखाली राबतोय आणि मी एकदाही त्याला ती वाचून दाखवली नाही. मग सहसंचालकाचं काम तरी काय असतं? काढायचं तर मला काढा."

कल्लाप्पाची नोकरी राहिली. हंबीररावांची गेली.

नवे सहसंचालक वरच्या मजल्यावरून सही करून कागद शिपायाबरोबर खाली पाठवत. जागा अडवतो म्हणून मला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ढकलले. मी गंजलो. एका मांजरीने माझ्या आडोशाला पिल्ले घातली. आतून धडाम ऐकू आले की माझी चाके शिवशिवत, पण मला कोण विचारतो! एकदा गाल फाटलेल्या एका विद्यार्थ्याला माझ्यासमोरून उचलून नेले. त्याच्या रक्ताचे थेंब शेडच्या दारापर्यंत आले होते. मला इतका संताप आला, की हात असते तर तो वरचा मजला हलवून खाली आणला असता.

गेल्या वर्षी, १९६८ साली, सुलभाबाई सहसंचालक झाल्या. पहिल्याच दिवशी त्या शेडमध्ये आल्या. कल्लाप्पाने मला आत ढकलत नेले, गंज खरवडला आणि माझ्या छातीवर पांढऱ्या रंगाने, कन्नडात आणि मराठीत, मोठी अक्षरे काढली. आता पहिली चावी बाई उघडतात.

मित्रांनो, तुम्हीही उद्या मोठे व्हाल, कोणाला तरी कामाला लावाल. तेव्हा सही करून वर जाऊन बसू नका, आणि तुमच्या हाताखालच्या माणसाला समजेल अशा भाषेत त्याला धोका सांगा. माझ्यासारख्या जुन्या लोखंडाची एवढीच विनवणी आहे.

यंदाच्या आयुधपूजेला हंबीरराव आले होते, कल्लाप्पाच्या खांद्यावर हात ठेवून. कल्लाप्पाने मला कोरडे कुंकू लावले. साहेबांनी डाव्या हाताने माझे पोचे चाचपले, मग रंगाच्या खरखरीत अक्षरांवर त्यांची बोटे थांबली.

"कल्लाप्पा, काय लिहिलंय रे?"

कल्लाप्पाने मोठ्याने वाचले, "प्राणवायूला तेल लावू नये. मरण येईल."

हंबीररावांनी मान हलवली. "आणखी एकदा वाच," ते म्हणाले.