होडीच्या पोटातली घाण

मुलांनो, असं समजा की तुम्ही एका धरणाच्या काठावर उभे आहात. मे महिना आहे. पाणी लांब सरकलंय आणि चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्यात. त्या खपल्यांवर, दोन ओंडक्यांच्या आधाराने, एक होडी टेकवलेली आहे. आता नाकाने एक दीर्घ श्वास घ्या.

नको म्हणता? बरोबर आहे. प्रतीक्षानेही घेतला नव्हता. ती होडीत बसून तळ खरवडत होती आणि श्वास तोंडाने घेत होती. पण तोंडाने घेतला की तो वास जिभेवर बसायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत दप्तरात विसरलेला डबा शाळा सुरू झाल्यावर उघडावा, आणि त्यात मासे असावेत, तसा तो वास होता.

ही होडी प्रतीक्षाच्या बाबांची, इंद्रभानची. जानेफळच्या बाजूच्या एका धरणात ते मासे धरत. होडी यायच्या आधी ते थर्माकोलवर बसून जायचे. हसू नका. थर्माकोलच्या जाड लाद्या युरियाच्या रिकाम्या पोत्यात शिवायच्या, वरून दोरीने आवळायच्या, आणि त्यावर मांडी घालून हाताने पाणी सारत जाळ्यापर्यंत पोचायचं, ही तिथल्या सगळ्या मासेमारांची रीत. वाऱ्याने माणूस पाण्यात पडला तरी थर्माकोल वर राहायचं आणि माणूस त्याला धरून काठाला लागायचा. म्हणून इंद्रभानचा देवाखालोखाल विश्वास थर्माकोलवर.

मग गेल्या वर्षी ही होडी आली. समुद्रावर वापरलेली, फायबरची, लहानशी. कोकणातून ट्रकवर चढून आली तेव्हा वस्तीतल्या बायांनी तिला ओवाळलं. तिचा तळ दुहेरी, आणि मधल्या पोकळीत थर्माकोल भरलेलं आहे, असं कळल्यावर इंद्रभान खूश झाले. ही तर आपलीच जुनी सवारी, वरून नुसता अंगरखा घातलाय, असं ते येईल त्याला सांगत.

होडीच्या मागच्या टोकाला, तळावर, बरणीच्या झाकणासारखं एक फिरकीचं झाकण होतं. समुद्रावरची माणसं होडी काठाला ओढली की ते उघडून ठेवतात आणि पोकळीतली ओल वाळू देतात. इथे हे कुणाला ठाऊक असणार? इंद्रभानच्या धाकट्या भावाला, कुलदीपला, वाटलं की हे भोक म्हणजे पाणी शिरायची वाट. त्याने झाकणाच्या कडेने लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरून ते बुजवून टाकलं. शिवाय, उन्हासाठी छत हवं म्हणून तळाच्या वरच्या थराला भोकं पाडून लोखंडी पाइप बसवले. वर्षभर त्या होडीत मासे कापले, धुतले. रक्ताचं, खवल्यांचं, आतड्यांचं पाणी त्या भोकांतून थेंब थेंब पोकळीत उतरत राहिलं. शिरायला वाट होती, निघायला नव्हती.

पाऊस सरता सरता होडीची मागची बाजू पाण्यात खोल बसायला लागली. एकदा वारा सुटला तेव्हा लाट मागून आत आली आणि इंद्रभान जाळं तसंच सोडून, डब्याने पाणी उपसत काठाला आले. कुलदीपकाका म्हणाला, इंजिन कमजोर आहे. म्हणून या उन्हाळ्यात खरवडणं, रंगकाम आणि नवं मोठं इंजिन, असं सगळं एकदम काढलं होतं.

तर प्रतीक्षा खरवडत होती. खरवडता खरवडता लांबीचा एक तुकडा निघाला आणि झाकणाच्या कडेतून काळं, पाकासारखी तार सुटणारं काहीतरी वर आलं. त्यात खवले चमकत होते. आणि काहीतरी वळवळत होतं. ते तिच्या पायाच्या बोटांमध्ये शिरलं, कोमट.

ती होडीबाहेर उडी मारून ओकली.

कुलदीपकाका हसत सुटला. "माशावर वाढली अन् माशाले नाक मुरडते बे ही. हिले एखाद्या अत्तरवाल्याच्या घरी द्या लागते."

इंद्रभान वाकले, त्यांनी वास घेतला आणि मान फिरवली. प्रतीक्षाने ती मान फिरवणं नीट पाहिलं. बाबांनाही किळस आली होती. पण ते एवढंच म्हणाले की मासे वाहणारी होडी आहे, वास येणारच.

काकाने त्या जागेवर फिनेल ओतलं, नवी लांबी थापली आणि अंगठ्याने गुळगुळीत केली. प्रतीक्षाला त्या काळ्या पाण्यापेक्षा त्या गुळगुळीत फिरणाऱ्या अंगठ्याची जास्त शिसारी आली. का, ते तिला सांगता आलं नसतं. तुम्हाला येतंय का पाहा.

आईने तिचा पाय राखेने घासला, मग साबणाने, मग लिंबाने. वास गेला नाही. जेवताना ताटात कालवण आलं तशी ती उठून गेली.

होडीला निळा रंग चढला. नवं इंजिन मागे बसवलं. पूजेच्या दिवशी हार, नारळ, उदबत्तीचे पुडेच्या पुडे. वस्तीत रीत अशी की होडी पाण्यात घालताना पहिला पाय घरच्या लेकीचा पडतो, आणि मग घरधनी एकटा पलीकडच्या काठापर्यंत जाऊन येतो. पलीकडे जायचं म्हणजे धरणाचा सगळ्यात खोल भाग ओलांडायचा. वाराही सुटला होता.

होडी काठच्या पाण्यात ढकलली. मागची बाजू लगेच खाली गेली. उन्हाने आतली घाण फुगली होती, झाकणावरचा निळा रंग फोडासारखा वर आला होता, आणि उदबत्तीच्या धुरातून तोच वास येत होता. सगळ्यांना येत होता. पूजेला आलेले वामनराव पाहुणे उपरण्याने नाक दाबून म्हणाले की होडी झकास दिसते. बायांनी तोंडाला पदर लावले आणि माना डोलावल्या. प्रतीक्षाला त्या सगळ्या माणसांचा वीट आला.

तिने बाबांचा सदरा ओढला. "बाबा, तुमी आत पाह्यलं का? एकदा तरी?"

"आत थर्माकोल आहे, माय. थर्माकोल काई बुडत नाही. मी जनम काढला त्याच्यावर."

"ते पोत्यातलं सुकत होतं. हे सुकून राह्यलं का?"

इंद्रभान इंजिन सुरू करायची दोरी उचलून हाताला गुंडाळायला लागले. कुलदीपकाका म्हणाला की मुहूर्त टळून राह्यला, चढव तिले. आईने तिच्या पायांवर हळदीकुंकू लावलं.

प्रतीक्षा होडीत चढली. टाळ्या वाजल्या. ती पुढे नारळाकडे गेली नाही, सरळ मागे गेली, इंजिनाशेजारी पडलेला पाना उचलला आणि तो रंगाचा फोड फोडला. लांबी निखळली. झाकण फिरवताच आतून फुस्स करून वास आला आणि काठावरची गर्दी चार पावलं मागे हटली. काका ओरडला. तिचे डोळे पाण्याने भरले. तरी तिने नव्या परकराचा ओचा खोचला आणि हात कोपरापर्यंत आत घातला.

हाताला भिजून कुजलेल्या भाकरीसारखं काहीतरी लागलं. तिने ते ओढून काढलं. काळं, बुळबुळीत, टपटप गळणारं थर्माकोल. ती ते दोन्ही हातांत धरून उतरली, पाण्यात गेली आणि बाबांसमोर सोडून दिलं.

ते बुडलं नाही. पण वरही आलं नाही. पाण्याखाली जेमतेम लटकत राहिलं. त्यावर एखादी टिटवी बसली असती तरी ते तळाला गेलं असतं.

इंद्रभान त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी होडीच्या मागच्या बाजूकडे पाहिलं, आणि लांबवर, खोल पाण्याकडे. हातातली इंजिनाची दोरी त्यांनी खाली ठेवली. जवळ यायला कुणी तयार नव्हतं, त्या घाणीत हात कोण घालणार?

प्रतीक्षाने कुणाची वाट पाहिली नाही. ती पुन्हा होडीत चढली, तोंड एका बाजूला वळवून एकदा ओकली, ओठ खांद्याला पुसले, आणि पुढचा तुकडा काढायला हात आत घातला.