मला विचारा

“पुढं वाच की, दाक्षायणी.”

सुबोधसरांनी दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी कसंबसं वाचलं, “खालची ओळ काढू नका. मला विचारा. हृषीकेश.”

“आणि खालची ओळ?”

“काढली, सर. मंगळवारी.”

सात रस्त्याजवळच्या आमच्या ऑफिसात आम्ही चार माणसं वेबसाइट बनवतो आणि दर शनिवारी एकमेकांचा कोड मोठ्यानं वाचतो. नवा माणूस आला की सर त्याला तीन महिने एक अक्षर लिहू देत नाहीत. दुसऱ्याचं वाचल्याशिवाय आपलं सुधारत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला वाचायला हृषीकेशचा कोड मिळाला आणि बसायला त्याचीच खुर्ची. तो तीन वर्षांपूर्वी मंगळवेढ्याजवळ मोटारसायकलच्या अपघातात गेला. मी त्याला कधी पाहिलं नाही. समोरच्या भिंतीवर त्याचा फोटो आहे, चंदनाचा हार आहे आणि खाली गेल्याची तारीख.

पण दोन वर्षं एखाद्याचं लिहिलेलं रोज वाचलं की तो माणूस मानगुटीवर बसतो. हृषीकेश प्रत्येक ओळीच्या डोक्यावर कारण लिहायचा. ‘काल चुकलो होतो, म्हणून असं.’ ‘हे कुरूप आहे, पण चालतं. भूक लागली आहे, उद्या नीट करतो.’ मी काही चुकीचं लिहिलं की तो मागून वाकून बघतोय असं वाटायचं. एकदा तर त्याला जागा व्हावी म्हणून मी खुर्ची बाजूला सरकवली. आईला सांगितलं असतं तर ती अक्कलकोटहून अंगारा घेऊन आली असती, म्हणून सांगितलं नाही. खरं तर मला त्याचा लळा लागला होता.

फक्त या एका ओळीला कारण नव्हतं. ही साइट सांगोल्याकडच्या लोकांना पाण्याचे टँकर मागवण्यासाठी होती. एकदा बटण दाबलं की त्या ओळीमुळे ते आठ सेकंद बंद राहायचं. आमच्या ऑफिसातल्या नेटवर मागणी एका सेकंदात पोचते, मग आठ कशाला? गेलेल्या माणसाला विचारणार कसं, म्हणून मीच शहाणपणा केला. साइट झटपट झाली. सरांनी चहा पाजला.

आणि त्याच शनिवारी सकाळी धोंडीराम नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला होता. “ताई, माज्या दारात दोन टँकर हुबं हायेत. मी एकच मागवला हुता. अन् बजाबाईच्या वस्तीवर कालपासनं एक बी न्हाय. तिची मेंढरं जीब काडून बसल्याती.”

सर ओरडले नाहीत. “ओळ आत्ता परत घाल. आणि सोमवारी जाऊन बघ, ती कशाला होती.”

सोमवारी एसटीनं सांगोला गाठलं आणि तिथून जीपनं धोंडीराममामांची डाळिंबाची बाग. मामांनी जादाचा टँकर बजाबाईकडं वळवला होता, तरी तिची दोन कोकरं गेली होती. हे त्यांनी मला न रागावता सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

माझ्या फोनवर साइटची चाचणीची प्रत होती, ती ओळ नसलेली. ती मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी बटण दाबलं. चक्र फिरत राहिलं. मी मनात मोजत होते. सातला त्यांचा अंगठा पुन्हा खाली आला. आठला ‘मागणी पोचली’ असं आलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा एकदा.

“परत का दाबलं, मामा?”

“काय झालंच न्हाय की. हितं रेंज कुटं हाय? म्हणलं, गेलं नसंल.” मग ते हसले. “तुमच्या आदी एक हृषीकेश म्हणून आलं हुतं. लई गोड पोरगं. दिवसभर माज्या अंगठ्याकडं बघत बसलं, घड्याळ लावून. ह्याच बांधावर बसून कायतरी लिवलं, धाडलं, अन् म्हणलं, मामा, आता टँकर एकच यील. जेवून जा म्हणलं, तर म्हणतंय, न्हाय, उजेडात पोचतो, उद्या ऑफिसात समद्यास्नी समजावून सांगायचंय. परत आलंच न्हाय. कुटं असतंय आता?”

कोणत्या ओळीला कोणी कधी हात लावला, याची नोंद कोडमध्ये राहते. ती मी आजवर कधी उघडून बघितली नव्हती. आता उघडली. तारीख फोटोखालचीच होती. वेळ संध्याकाळची, पाच वाजून दहा मिनिटं. कारण तो विसरला नव्हता. ते तो दुसऱ्या दिवशी तोंडानं सांगणार होता.

मी मामांना सगळं सांगितलं. ते बांधाकडं वळले.

“जेवून गेलं असतं तर,” ते म्हणाले. मला मात्र त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पुढच्या शनिवारी मी तोच कोड वाचला. त्या ओळीला आता कारण होतं. ‘तिकडं नेट सावकाश आहे. माणूस सात सेकंद वाट बघतो आणि पुन्हा दाबतो. म्हणून आठ.’

“छान,” सर म्हणाले. “आता ते ‘मला विचारा’ काढून टाक. कोणाला विचारणार?”

मी मान हलवली, पण काढलं नाही. सगळे डबे उघडायला उठल्यावर त्याच्या ‘मला विचारा’खाली मी एक शब्द लिहिला, ‘विचारलं’, आणि पुढं माझं नाव.