घडायच्या आधीचं

होणारी गोष्ट माझ्या नणंदेला आधी कळते, असं घरात दुसरं कुणी म्हणत नव्हतं. त्या स्वतःच म्हणायच्या. त्यांचे यजमान कारखान्यातल्या अपघातात गेले. त्या सकाळी डबा हातात देताना ‘आज जाऊ नका’ हे शब्द वन्संच्या ओठांवर आले होते आणि त्यांनी ते गिळले होते. त्यानंतर त्या आमच्याकडे राहायला आल्या, त्या गप्पच. मला दिवस गेल्यावर तर माझ्याकडे बघेनाशा झाल्या.

“बाळ यायच्या आत मी दुसरीकडे खोली बघते, वहिनी. माझ्या मनात काही यायचं आणि तुझं काही व्हायचं.”

हे तेव्हा कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. तिथले एक प्राध्यापक असल्याच गोष्टींच्या मागे असत. मुलं त्यांना भूतमास्तर म्हणायची. जिन्याखाली त्यांची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले. मी वन्संना अक्षरशः ओढत तिथे नेलं.

ऐकता ऐकता मास्तरांचे डोळे लकाकले. “पुढचं खरोखर कळणारं माणूस मी तरुणपणापासून शोधतोय.”

“मी तसं माणूस नसले तर बरं,” वन्संनी तोंडावरच सांगितलं.

मास्तरांनी टेपरेकॉर्डर दिला. “मनात आलं की लगेच यात बोलायचं. घडून गेल्यावर ‘मला माहीत होतं’ म्हणणारे पैशाला पासरी मिळतात. मला घडायच्या आधीचं हवं.”

मग रोजचंच झालं. वन्सं हातातलं काम टाकून उठायच्या, दार लावून घ्यायच्या, पुटपुटायच्या. बाहेर माझा जीव टांगणीला.

माझं पोट चांगलं दिसायला लागलं तेव्हा आम्ही तिघं ती टेप ऐकायला बसलो. दादा सायकलवरून पडणार. शेजारच्या काकू उद्या उठणार नाहीत. वहिनी जिन्यावरून घसरणार. वहिनीला ताप येणार आणि त्यातच ती जाणार. प्रत्येक वाक्यानंतर मास्तर टेप थांबवून विचारायचे, “झालं?”

“नाही हो. आणि काकू तर कालच माझ्याशी भांडून गेल्या!” शेवटी मला हसू आवरेना. “काय हो वन्सं, किती वेळा मारलंत मला! एकदा तरी त्या घरमालकाचा नंबर लावायचा!”

वन्सं हसल्या नाहीत. “हे एवढं सगळं माझ्या मनात येतं?”

“यजमान कामाला निघाले की असंच मनात यायचं?” मास्तरांनी हळूच विचारलं.

वन्सं म्हणाल्या, “रोज. संध्याकाळी ते घरी आले की मी विसरून जायची.” आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ढसाढसा रडल्या.

मास्तरांचा चेहरा उतरला होता. आणखी एक माणूस हातचं गेलं. तरी त्यांनी स्वतः उठून पाणी आणलं. “माझ्या कामाचं नाही निघालं,” ते म्हणाले, “पण तुमच्या कामाचं निघालं, ताई.” त्यांना हवं ते माणूस पुढेही कधी भेटल्याचं माझ्या कानावर नाही. पण दुसऱ्या दिवशी ह्यांनी पाहिलं, तर मास्तर कुणा नव्या माणसाला तितक्याच उमेदीने खुर्ची पुसून देत होते.

खोली बघण्याची गोष्ट वन्संनी पुन्हा काढली नाही. मला कळा सुरू झाल्या तेव्हा पिशवी घेऊन माझ्या आधी गाडीत जाऊन बसल्या. दवाखान्याच्या बाकावर मला म्हणाल्या, “वहिनी, काहीतरी वाईट होणार असं वाटतंय गं.”

“मलाही.”

“मग दोघी मिळून घाबरू,” त्या म्हणाल्या आणि माझी सुटलेली वेणी घालायला लागल्या.