साडेएकतीस अंश

कारखान्यात मिळत नाही, घरीच जुळवावं लागतं, अशा काडतुसाला अमेरिकेतल्या मोंटानातले लोक रानमांजर म्हणतात. मोठ्या काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायची, तिची मान आवळायची, मानेखालच्या खांद्याचा उतार बदलायचा, तोलून दारू भरायची, वर चिमुकली गोळी बसवायची आणि चारशे पावलांवरचा गोफर टिपायचा. गोफर म्हणजे घुशीचा चुलतभाऊ. अख्ख्या कुरणाची चाळण करतो, आणि त्याच्या बिळात घोड्याचा पाय मोडला की गोळी घोड्याला घालावी लागते.

ऑर्फा लिंडक्विस्टने तीन हिवाळे खपून असं एक रानमांजर घडवलं होतं. दुसऱ्या महायुद्धात ती विमानांच्या कारखान्यात लेथ चालवायची. युद्ध संपलं, पुरुष परतले, बायकांना 'आभारी आहोत' म्हणून घरी धाडलं. हात काही ती तिथे ठेवून आली नव्हती. गोठ्यात जुनी लेथ बसवली आणि नळीत काडतुसाचं घर कोरणारा रीमरसुद्धा तिने स्वतः घडवला.

वसंतातल्या पहिल्या नेमबाजीला गावचा नेमबाजांचा क्लब नव्या काडतुसाचं बारसं करायचा. घडवणाऱ्याचं नाव वहीत चढायचं आणि तेच बंदुकीच्या नळीवर कोरलं जायचं. ऑर्फाला तेवढंच हवं होतं. ती पोचली तर टेबलावर डेलमर हॉगनचा नकाशा पसरलेला. डेलमर गावचा बंदुकांचा मिस्त्री आणि क्लबचा अध्यक्ष. नकाशा तिच्या काडतुसाचा, वर ठसठशीत अक्षरांत नाव : हॉगन.

गवतात पडलेली दुसऱ्याची पुंगळी उचलायची नाही, हा तिथला लहान पोरालाही ठाऊक असलेला नियम; उडालेल्या पुंगळीवर नळीतल्या घराचं माप जसंच्या तसं उतरतं. गेल्या शरदात क्लबच्या मैदानावर तिच्या पाच पुंगळ्या सापडल्या नव्हत्या. तिने गवताला शिव्या घातल्या होत्या.

"खांदा साडेएकतीस अंशांचाच का रे, डेलमर?"

"सांगतो, कळलं तर बघ." लोक हसले. "तीस घेतला तर दारू नीट जळत नाही. बत्तीस घेतला तर पितळ फाटतं. वर्षभर डोकं झिजवलं, तेव्हा साडेएकतीस सापडला."

"वर्षभर?"

"रविवार धरून."

"मला एका क्षणात सापडला," ऑर्फा म्हणाली. "रीमर घासताना पकड सरकली. मला तीसच हवा होता. दुसरं पोलाद नव्हतं म्हणून तसाच वापरला. तू माझी चूक चोरलीस, डेलमर, आणि वर तिला अक्कल चिकटवलीस."

तिने फलालीनच्या कापडात गुंडाळलेला रीमर काढून नकाशावर ठेवला. गावचा न्हावी रूडी पेल्की कोनमापक घेऊन वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

"साडेएकतीस," तो म्हणाला.

डेलमरने घसा खाकरला. "अगं ऑर्फा, चिडतेस कशाला? बाईच्या नावाचं काडतूस कोण वापरणार? लिंडक्विस्ट लिहू. अर्विडचा मान राहील."

"माझा कसला मान?" तिचा नवरा अर्विड कोपऱ्यात ॲपल पाय खात होता. "मला त्या लेथला हात लावायची परवानगी नाही."

तरी हात वर झाले. ठरलं लिंडक्विस्ट. चोर अध्यक्षच राहिला आणि जिची चोरी झाली तिला समजूतदारपणा शिकवला गेला. असल्या सभा सगळीकडे अशाच भरतात.

ऑर्फाने पिशवीतून अक्षरांचे ठसे आणि हातोडी काढली. आपली बंदूक त्याच नकाशावर आडवी ठेवली. इंग्रजी पाच अक्षरं, पाच घाव. बापाचं नाही, नवऱ्याचं नाही, फक्त ऑर्फा.

"वहीत हे चालणार नाही," डेलमर म्हणाला.

"वही तुमची. नळी माझी. तूही रीमर घडवशील, ठाऊक आहे मला. घडव, साडेएकतीसचाच घडव. कुणाचा आहे ते इथे सगळ्यांनी ऐकलंय. आणि ज्याला माझ्या हातचं हवं, त्याने गोठ्यात यावं."

आठवडाभर कुणी फिरकलं नाही. सोमवारी रूडीचा ट्रक दारात उभा राहिला. तो उतरला, टोपी हातात फिरवत राहिला.

"नाव जरा बारीक अक्षरांत कोरलंस तर चालेल का?"

"नाही चालणार."

रूडीने रस्त्याकडे पाहिलं, मग ट्रकचं दार उघडून बंदूक बाहेर काढली.